कम्युनिटी फाउंडेशनचे अनुदान : पुण्यातील लहान संस्था नेहमी विचारतात ते प्रश्न

पर्वतीच्या वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या ताई, हडपसरला पाळणाघर सांभाळणारी मंडळी, राजगड तालुक्यात महिला गटांसोबत काम करणारे कार्यकर्ते, अशा अनेकांच्या तोंडी तेच ते प्रश्न असतात. मी निवड समितीत बसून अर्ज वाचते आणि संस्थांसोबत बसून ते लिहायला मदतही करते. त्या अनुभवातून ही उत्तरे लिहिली आहेत. प्रत्येक फाउंडेशनचे स्वतःचे नियम असतात, ते आधी वाचा. इथे आहे ते बहुतेक ठिकाणी लागू पडणारे.

कम्युनिटी फाउंडेशन म्हणजे नेमके काय? कंपनीच्या सीएसआरपेक्षा, म्हणजे कंपनीने सामाजिक कामावर करायच्या खर्चापेक्षा, ते वेगळे कसे?

एका शहरातल्या किंवा जिल्ह्यातल्या अनेक लोकांनी दिलेला पैसा एका निधीत जमा होतो आणि त्याच भागातली समिती तो तिथल्याच कामांना वाटते. या स्वरूपाची पहिली संस्था १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात फ्रेडरिक गॉफ या बँकरने उभी केली. मुंबईतला बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच कल्पनेवर चालतो. मात्र ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याची मोहीम काढली आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. पुढे डॉ. श्रीराम लागू, निळू फुले, बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर अशा मंडळींच्या पुढाकाराने सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. पूर्णवेळ कार्यकर्त्यांना मानधन देता यावे, हा त्याचा हेतू. कार्यकर्त्याच्या पोटापाण्याची सोय हेसुद्धा सामाजिक काम आहे, हे त्या निधीने उघडपणे मानले. बजेटच्या प्रश्नाकडे येऊ तेव्हा हे आठवा.

सीएसआरचा पैसा कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ खाली येतो. ज्या कंपनीची नक्त मत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक आहे, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचा असतो. तिथे कंपनीची प्राधान्ये चालतात, प्रकल्प मोठे असतात आणि मार्चअखेरची घाई असते. कम्युनिटी फाउंडेशनची रक्कम सहसा लहान असते, पण समोर बसलेल्या माणसाला तुमची गल्ली माहीत असते. हा फायदा मोठा आहे आणि अर्ज लिहिताना बहुतेक संस्था तो विसरतात.

आमची संस्था पात्र आहे का?

महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेला ट्रस्ट, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालची सोसायटी (आपल्याकडे ती धर्मादाय आयुक्तांकडेही ट्रस्ट म्हणून नोंदली जाते) किंवा कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी, यांपैकी काहीही चालते. सहकारी संस्था आणि बचत गट बहुतेक ठिकाणी थेट पात्र ठरत नाहीत, कारण त्यांचा लाभ सभासदांना होतो.

नोंदणीच नसलेला गट असेल तर एखाद्या नोंदणीकृत संस्थेच्या छत्राखाली अर्ज करता येतो. पण मग दोन्ही बाजूंनी लेखी करार करा: पैसे कोणाच्या खात्यात येणार, सह्या कोणाच्या, हिशेब कोण ठेवणार, छत्र देणारी संस्था त्यासाठी किती रक्कम घेणार. मैत्रीत हे बोलायला अवघड वाटते. न बोलल्यामुळे मैत्री तुटलेली मी पाहिली आहे.

कागदपत्रे कोणती लागतात?

नोंदणी प्रमाणपत्र, ट्रस्ट डीड किंवा घटना आणि नियमावली, परिशिष्ट १ चा उतारा (धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेली विश्वस्तांची नावे दाखवणारा), पॅन, आयकराची १२ए आणि ८०जी नोंदणी (पहिली संस्थेला करसवलत देते, दुसरी देणगीदाराला), मागील तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, बँक खात्याचा तपशील, अर्ज करण्याचा कार्यकारिणीचा ठराव. नीती आयोगाच्या एनजीओ दर्पण पोर्टलवरचा क्रमांकही बरेच जण मागतात. मागे सीएसआरचा पैसा असेल तर सीएसआर-१ नोंदणी, म्हणजे असा पैसा घेणाऱ्या संस्थेची सरकारकडची नोंदणी, लागते. १ एप्रिल २०२१ पासून ती सक्तीची आहे.

यादी लांब दिसते, पण अर्ज अडतात ते मुख्यतः एकाच जागी, परिशिष्ट १ वर. विश्वस्त बदलला, कोणी वारले, कोणी राजीनामा दिला, की ९० दिवसांत कलम २२ खाली बदल अर्ज, म्हणजे आपण ज्याला चेंज रिपोर्ट म्हणतो तो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात दाखल करायचा असतो. होते काय, की ठराव होतो, मिनिट बुकात लिहिला जातो, मिठाई वाटली जाते आणि अर्ज राहून जातो. मग फाउंडेशनला दिलेल्या यादीत एक अध्यक्ष आणि सरकारी उताऱ्यावर दुसरेच, कधी कधी दिवंगत झालेले. समितीला तुमच्यावर अविश्वास नसतो, पण करारावर सही कोणाची ग्राह्य धरायची हा प्रश्न खरा असतो. आज हे वाचत असाल तर कपाटातून उतारा काढा आणि नावे ताडून पाहा. बदल अर्ज प्रलंबित असेल तर तो दाखल केल्याची पोच आणि क्रमांक जोडा. बहुतेक फाउंडेशन तेवढ्यावर पुढे जातात.

३१ मार्चला वर्ष संपले की सहा महिन्यांत हिशेब तपासून घेणे आणि ऑडिट अहवाल धर्मादाय कार्यालयात दाखल करणे ही दुसरी सवय. फाउंडेशनने ऑक्टोबरमध्ये अर्ज मागवले आणि तुमचे मागच्या वर्षीचे ऑडिट अजून सीएंच्या टेबलावर असेल, तर कितीही सुंदर प्रस्ताव लिहिला तरी उपयोग नाही.

आमची १२ए आणि ८०जी नोंदणी तात्पुरती आहे. चालेल का?

सहसा चालते. नव्या संस्थेला मिळणारी तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची असते आणि तेवढ्या काळात ती वैधच असते. काम सुरू झाल्यावर नियमित नोंदणीसाठी वेगळा अर्ज करायचा असतो आणि त्याची मुदत अनेकांच्या लक्षात राहत नाही. दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहून ठेवा. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, पण बोलण्यात लोक जुनेच क्रमांक वापरतात. अर्जात नोंदणीचा पूर्ण क्रमांक आणि वैधतेची तारीख लिहिली की गोंधळ होत नाही.

आम्हाला कॉर्पससाठी, म्हणजे कायम ठेवीसाठी, पैसे मिळतील का?

जवळजवळ नाहीच. फाउंडेशन स्वतः धर्मादाय संस्था असते आणि तिने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के धर्मादाय कामावर खर्च दाखवायचे असतात. दुसऱ्या संस्थेच्या कॉर्पसला दिलेली देणगी त्या खर्चात धरली जात नाही. इतर कामासाठी दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेला दिलेल्या रकमेपैकीही ८५ टक्केच धरली जाते. म्हणून त्यांचे हात बांधलेले असतात. कॉर्पससाठी व्यक्तिगत देणगीदारांकडे जा.

अर्ज मराठीत चालतो का?

स्थानिक फाउंडेशनकडे बऱ्याचदा चालतो. फोन करून विचारा. इंग्रजीतच हवा असेल तर आधी मराठीत लिहा आणि मग कोणाकडून तरी भाषांतर करून घ्या. थेट इंग्रजीत लिहिलेल्या अर्जांत "सक्षमीकरण", "सर्वांगीण विकास" असे शब्द येतात आणि काम दिसेनासे होते. "रोज संध्याकाळी ५ ते ८, इयत्ता पाचवी ते आठवीची ४० मुले, दोन शिक्षिका" एवढ्या ओळीत समितीला चित्र उभे राहते.

प्रश्न किती गंभीर आहे हे दाखवायला आकडे कुठून आणायचे?

२०११ च्या जनगणनेचे आकडे उतरवून काढू नका. त्यानंतर शहर पार बदलले. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत आली. धायरी, वाघोलीसारख्या भागात जुन्या आकड्याचा आजच्या वस्तीशी काही संबंध उरलेला नाही.

त्यापेक्षा स्वतः मोजा. वस्तीतल्या दोनशे घरांचे साधे सर्वेक्षण कार्यकर्त्यांच्या बळावर होते: घरात किती मुले, कोण शाळेत जाते, कोणी कधी सोडली, का सोडली. अंगणवाडी ताई आणि आशा सेविका यांच्या नोंदवह्यांत जे असते ते कुठल्याच अहवालात नसते. त्यांच्याशी बोला, मात्र नावे बाहेर नेऊ नका. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून पटसंख्या आणि गळती विचारा. आकडा लहान असला तरी तो कसा मिळवला हे सांगता आले पाहिजे. "आम्ही १८० घरांत गेलो, २३ मुले शाळेबाहेर सापडली, त्यातली १५ मुले लहान भावंडे सांभाळायला घरी थांबतात" असे एखाद्या अर्जात असेल, तर समितीत चर्चा लगेच पाळणाघराकडे वळते. उपायसुद्धा त्या आकड्यातच दडलेला असतो.

बजेट कसे मांडायचे? पगार दाखवले तर अर्ज बाद होईल अशी भीती वाटते.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि याचे उत्तर मला मनापासून द्यायचे आहे.

वस्तीतल्या अभ्यासिकेचेच उदाहरण घेऊ. ४० मुले, वर्षाला २४० दिवस. बहुतेक संस्था अर्जात काय लिहितात? पुस्तके आणि साहित्य मुलामागे १,५०० रुपये, म्हणजे ६०,०००. खाऊ रोज मुलामागे १५ रुपये, म्हणजे १,४४,०००. एकूण २,०४,०००. वाचायला नीटनेटके, मागायला सोपे.

आता खरा खर्च बघा. दोन शिक्षिकांचे मानधन दरमहा १२,००० प्रमाणे वर्षाचे २,८८,०००. खोलीचे भाडे दरमहा ८,०००, म्हणजे ९६,०००. समन्वयक ताई तीन केंद्रे सांभाळतात, त्यांच्या २४,००० पगाराचा तिसरा हिस्सा इथला, म्हणजे वर्षाला आणखी ९६,०००. हिशेबनीस, ऑडिट, फोन, प्रवास मिळून ६०,०००. पुस्तके आणि खाऊ धरून बेरीज ७,४४,०००, मुलामागे वर्षाला १८,६००.

२,०४,००० मध्ये अभ्यासिका चालत नाही. शिक्षिका आल्या नाहीत तर पुस्तके कपाटात राहतील आणि खाऊ वाटायलाही कोणी नसेल. तरीही संस्था पगार लपवतात किंवा ते "स्वयंसेवकांचा प्रवासखर्च" या नावाखाली थोडेथोडके दाखवतात. परिणाम भोगते ती शिक्षिका. ती स्वतः बहुधा त्याच वस्तीतली असते, चार-पाच हजारांवर वर्षानुवर्षे काम करते आणि एक दिवस मॉलमधली नोकरी धरते. तिच्याबरोबर मुलांचा विश्वास जातो. हे टाळायचे असेल तर पूर्ण खर्च मांडा. पगार हा कामावरचा वरखर्च नसतो. शिक्षिका शिकवते तेव्हा पगार हेच काम असते. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या कक्षेत येत असतील तर संस्थेचा वाटाही धरा.

आणि फाउंडेशन एवढे देणार नसेल तर? तेही लिहा: "एकूण खर्च ७,४४,०००. आपल्याकडून ५,००,००० ची विनंती. १,४४,००० स्थानिक देणगीदारांकडून, १,००,००० संस्थेच्या निधीतून." अशा मांडणीवर समितीचा विश्वास बसतो, कारण संस्थेला आपला खर्च माहीत आहे हे दिसते. प्रत्येक ओळीसमोर गणित लिहा: किती माणसे, किती महिने, काय दर. "संकीर्ण" या ओळीत मोठी रक्कम टाकू नका. खरेदी मोठी असेल तर कोटेशन जोडा.

प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, हे खरे का?

नाही, आणि हा गैरसमज फार महागात पडतो. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभागाच्या प्रशासकीय खर्चावर आहे. संस्थेच्या प्रकल्पातल्या शिक्षिकेच्या, समन्वयकाच्या किंवा प्रशिक्षकाच्या पगाराला ती लागू होत नाही. विदेशी निधीच्या कायद्यात (एफसीआरए) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा २० टक्के आहे, पण तो वेगळा कायदा आणि वेगळा पैसा. एखाद्या फाउंडेशनने स्वतः मर्यादा घातली असेल तर ती पाळावी लागते. मात्र "प्रशासकीय" मध्ये तुम्ही काय काय धरता, हे अर्ज भरण्याआधी त्यांना नम्रपणे विचारा. उत्तर बहुधा तुम्हाला वाटते त्यापेक्षा सोयीचे मिळते.

आमच्या हितचिंतकांची मुले परदेशात आहेत. त्यांची देणगी आणि फाउंडेशनचे अनुदान एकत्र दाखवता येईल का?

पुण्यात हा प्रश्न घरोघरी आहे. देणगी देणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि तो स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे देत असेल, तर ती विदेशी देणगी ठरत नाही. पासपोर्टची प्रत फाइलला लावा. पण त्याने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले असेल, ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरीही, ती विदेशी देणगी होते आणि एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगीशिवाय घेता येत नाही. पुण्यातल्या आईच्या खात्यातून फिरवून ती "देशी" करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

आणखी एक. २०२० पासून एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला विदेशी निधी हस्तांतरित करण्यावर बंदी आहे. म्हणजे फाउंडेशनकडे परदेशातून आलेला पैसा असला तरी तो तुमच्यापर्यंत अनुदान म्हणून येऊ शकत नाही. तुम्हाला मिळणार तो भारतीय निधीच.

ओळख लागते का?

ओळखीने अर्ज मंजूर व्हावा असे मला वाटत नाही, आणि व्यवस्थित चालणाऱ्या समितीत तो होतही नाही. विश्वस्ताचा एखाद्या संस्थेशी संबंध असेल तर तो त्या चर्चेतून बाहेर बसतो. पण ओळख करून घेणे वेगळे. अर्ज करण्याआधी फोन करा, केंद्रावर बोलवा.

ते आले की केंद्र नेहमीसारखेच चालू ठेवा. सत्कार, शाल-श्रीफळ, मुलींचे स्वागतगीत यांत अर्धा तास जातो आणि पाहुण्यांना काम दिसत नाही. शिक्षिकेला बोलू द्या, फक्त अध्यक्षांनी बोलू नये. हजेरीपट उघडा ठेवा. मागच्या वर्षी काय जमले नाही हे कोणी विचारले तर सांगा. ज्या संस्थेचे सगळेच जमले आहे तिच्याबद्दल समितीत जास्त प्रश्न उठतात.

मुलांचे फोटो आणि गोष्टी जोडाव्यात का?

गोष्ट सांगा, नाव बदला, ओळख पटेल असा तपशील काढा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा अत्याचारग्रस्त बालकांची ओळख उघड करणे हा बाल न्याय कायदा आणि पॉक्सो (बालकांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) या दोन्हींखाली गुन्हा आहे. इतर मुलांच्या फोटोसाठी पालकांची लेखी संमती घ्या, आणि ती त्यांना समजेल अशा मराठीत लिहा. बऱ्याच फाउंडेशन आता बालसंरक्षण धोरण मागतात. इंटरनेटवरून उतरवलेले वीस पानी धोरण देण्यापेक्षा, तक्रार आली तर तुमच्या केंद्रात कोण काय करेल हे दोन पानांत लिहा आणि ते भिंतीवर लावा.

अर्ज नाकारला गेला. आता?

कारण विचारा. आठवड्याभरात, दोन ओळींचे पत्र पुरते. कागदपत्र अपुरे होते, निधी संपला होता की विषयच बसत नव्हता, ही तीन वेगळी उत्तरे आहेत आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा. विषय बसत नसेल तर पुढच्या वर्षी तिथे जाऊ नका, आणि त्यांच्या विषयात बसावे म्हणून आपले काम वाकवूही नका. कचरावेचक महिलांसोबत काम करणाऱ्या संस्थेने पैसे आहेत म्हणून रोबोटिक्सचे वर्ग सुरू केले, तर ती दोन्ही ठिकाणी कमी पडते.

हप्ता उशिरा आला तर पगार कसे करायचे?

करार करतानाच हप्त्यांच्या तारखा लिहून घ्या, आणि पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी मागा. ट्रस्टच्या नावाने कर्ज काढायचे असेल तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे "तात्पुरते उसने घेऊ" हा मार्ग वाटतो तितका सरळ नाही. दोन-तीन महिन्यांच्या पगाराइतकी शिल्लक बाजूला ठेवणे हे वर्षानुवर्षांचे काम आहे, पण त्याची सुरुवात कुठल्याही वर्षी करता येते. आणि हप्ता अडला की बोला. अनेकदा अहवालातल्या एका कोऱ्या रकान्यामुळे तो अडलेला असतो.

एका बाबीतला पैसा दुसरीकडे वळवता येतो का? आणि उरला तर?

करारात किती टक्क्यांपर्यंत मुभा आहे ते बघा. त्यापलीकडे वळवायचे असेल तर खर्च करण्याआधी लेखी परवानगी घ्या. खाऊचे पैसे भाड्याला लावले आणि नंतर कळवले, तर कारण योग्य असूनही उपयोगिता प्रमाणपत्रावर (पैसे ठरल्याप्रमाणे खर्च झाल्याच्या दाखल्यावर) सही करताना तुमच्या सीएंची अडचण होते. या अनुदानासाठी खातेवहीत वेगळे खाते उघडा आणि प्रत्येक व्हाउचरवर प्रकल्पाचे नाव लिहा.

रक्कम उरत असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गरज नसलेली खरेदी करू नका. फेब्रुवारीतच फाउंडेशनला कळवा: किती उरणार, का उरली आणि मुदत वाढवून मिळाली तर ती कशावर खर्च करणार. मुदतवाढ बहुतेक वेळा मिळते. नाही मिळाली तर रक्कम बँकेतून परत करा, परतीची पावती मागून घ्या आणि ती ऑडिटच्या फाइलला लावा.